एकोणपन्नास रुपयांची पीडीएफ : शिक्षकाने छोटी माहिती-पुस्तिका कशी बनवावी आणि कशी विकावी



"मॅडम, तुमच्याकडे एवढ्या वर्कशीट पडून आहेत, त्या विकत का नाही?" हा प्रश्न मला निवृत्तीनंतर इतक्यांदा विचारला गेला, की शेवटी मी करून पाहिलं. त्यातून थोडे पैसे मिळाले आणि एक मोठी चूकही झाली. या लेखात दोन्ही सांगते. मोबाईलवर पाहिलेल्या "घरबसल्या लाखो कमवा" छापाच्या व्हिडिओसारखा हा लेख नाही. एखादा शिक्षक आपल्या अनुभवातून छोटीशी पीडीएफ तयार करून ती प्रामाणिकपणे कशी विकू शकतो, त्यात काय मिळतं आणि काय अंगावर येतं, एवढाच विषय आहे.

१) ही कल्पना आपल्याला नवी नाही

माहिती विकणं म्हटलं की आपल्याला काहीतरी परदेशी वाटतं. पण दहावीच्या वर्षी आपल्यापैकी किती जणांच्या घरात '२१ अपेक्षित' होतं, आठवून बघा! ते कोणी ज्ञान वाढवायला घेत नव्हतं. परीक्षा तोंडावर आली, सराव हवा, एवढ्या एकाच कामासाठी घेत होतं. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केलं. तिथी, सण, मुहूर्त ही माहिती पंचांगात होतीच, पण ती भिंतीवर, सगळ्या घराला दिसेल अशी आली. १९७० साली आलेलं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' घ्या. पाककृती घरोघरी तोंडी होत्याच. पण वाटी-चमच्याच्या मापात लिहिल्यामुळे नव्याने संसार मांडलेल्या मुलीलाही त्या जमू लागल्या.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. माहिती आधीपासून उपलब्ध होती. लोकांनी पैसे दिले ते निवडीला, मांडणीला आणि वाचलेल्या वेळेला. डिजिटल पुस्तिकेचं तत्त्व हेच. फक्त छपाई आणि पोस्टाचा खर्च जातो.

शिक्षकांच्या बाबतीत याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्क शहरातल्या पॉल एडलमन या शिक्षकाने २००६ मध्ये 'टीचर्स पे टीचर्स' नावाचा ऑनलाईन बाजार सुरू केला. तिथे शिक्षक आपण बनवलेले स्वाध्याय, खेळ, पाठनियोजन दुसऱ्या शिक्षकांना विकतात. जॉर्जिया राज्यातल्या डिएना जंप या लहान मुलांच्या शिक्षिकेची तिथली कमाई २०१२ पर्यंत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली आणि ही बातमी जगभर गाजली. पण बातमी झाली म्हणजेच ती अपवाद होती, हे आपण लक्षात ठेवायचं. शंभर जणांनी शेत पेरलं आणि एकाला हंडा सापडला, तर हंड्यासाठी पेरायचं नसतं.

२) विषय कसा निवडायचा?

सगळ्यात पहिली चूक इथेच होते. आपण म्हणतो, "इयत्ता चौथीचं संपूर्ण गणित" करू. मग दोनशे पानं होतात, सहा महिने जातात आणि पालक विचारतो, "पाठ्यपुस्तक आहे की, मग हे कशाला?"

याच्या उलट जायचं. एक अडचण, एक पुस्तिका.

माझं उदाहरण देते. तिसरी-चौथीच्या मुलांना ८१६ ÷ ४ दिला की निम्म्या वर्गाचं उत्तर २४ येतं. खरं उत्तर २०४. मूल ८ ला ४ ने भागतं, २ लिहितं. मग १ खाली घेतं. १ मध्ये ४ जात नाही, म्हणून लगेच ६ पण खाली घेतं आणि १६ ला भागून ४ लिहितं. मधला शून्य लिहायचा राहतो. पालक म्हणतात, "लक्ष देत नाही." पण मुलाचं लक्ष असतं. 'भाग जात नाही' हेही एक उत्तर आहे आणि ते लिहावं लागतं, एवढंच त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

या एका शून्यावर मी चोवीस पानांचा संच बनवला. पहिली पानं सुट्या पैशांच्या चित्रांची. आठ शंभराच्या नोटा, एक दहाची आणि सहा सुटे रुपये चौघांत वाटायचे. दहाची नोट एकच, ती चौघांत तशीच वाटता येत नाही, म्हणून दहाच्या घरात प्रत्येकाला शून्य. मग ती मोडायची आणि सोळा सुटे वाटायचे. पुढे चौकटीत अंक लिहायची उदाहरणं, मग चौकट नसलेली, शेवटी उत्तरसूची.

तुमचा विषय शोधायचा असेल तर तीन प्रश्न स्वतःला विचारा :

१. दरवर्षी, प्रत्येक तुकडीत, मुलं नेमकी कुठे अडतात?
२. पालक फोनवर कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात?
३. त्या जागी मी काय करते की ज्याने मुलाला समजतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पुस्तिका बनवू नका. नुसती उदाहरणं तर कुठेही फुकट मिळतात.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या संचांना मागणी जास्त असते. पण तिथेही "संपूर्ण शिष्यवृत्ती" करण्यापेक्षा दुसऱ्या पेपरमधल्या बुद्धिमत्तेच्या पन्नास प्रश्नांपैकी एकच प्रकार घ्या, उदा. आरशातील प्रतिमा किंवा दिशा. तो नीट उलगडून दाखवा.

३) बनवताना काय पाहायचं?

*पालकाच्या घरात प्रिंटर नाही, हे धरून चाला.* पीडीएफ तुम्ही ४९ रुपयांना दिलीत. पालक ती झेरॉक्सच्या दुकानात नेणार. पानाला दोन रुपये धरले तर चोवीस पानांचे ४८ रुपये. म्हणजे तुमची पुस्तिका त्यांना ९७ रुपयांना पडली! म्हणून गडद रंगाची पार्श्वभूमी, पानभर चित्रं, रंगीत मुखपृष्ठ हे सगळं टाळा. काळ्या-पांढऱ्यात स्पष्ट दिसेल असं बनवा. मूल वहीत सोडवू शकेल ती उदाहरणं एका पानावर जास्त घ्या. उत्तरसूची प्रिंट न काढता मोबाईलवर बघता येईल अशी वेगळ्या फाईलमध्ये द्या. मी नंतर चोवीस पानांची चौदा केली, मुलांच्या शिकण्यात काही कमी झालं नाही.

*फॉन्ट युनिकोडच वापरा.* जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांची भेळ होते. पीडीएफ करताना फॉन्ट फाईलमध्ये अंतर्भूत झाला आहे ना, हे दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून तपासा.

*पहिली-दुसरीसाठी अक्षरवळण बनवत असाल तर विशेष काळजी.* अनेक देवनागरी फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मराठी वर्णमालेबाबत राज्य शासनाचा शासन निर्णय आहे आणि आपली पाठ्यपुस्तकं मराठी वळण शिकवतात. मुलाने पुस्तकात एक 'ल' पाहायचा आणि तुमच्या वर्कशीटवर दुसराच गिरवायचा, असं व्हायला नको. 'तिरो देवनागरी मराठी'सारखे फॉन्ट मराठी वळणासाठीच केलेले आहेत. 'मुक्त', 'बालू' आणि हे 'तिरो' असे फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात, म्हणजे विक्रीच्या पुस्तिकेतही ते वापरता येतात. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रांचं मात्र तसं नाही. चित्र स्वतः काढा किंवा परवाना वाचून घ्या.

४) किंमत आणि खरा हिशोब

आता पैशांचं बोलू. किंमत ४९ रुपये. गेटवेमार्फत पैसे घेतले तर साधारण दोन टक्के शुल्क जातं असं धरू, म्हणजे ९८ पैसे. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १८ पैसे. हातात आले ४७ रुपये ८४ पैसे.

शंभर प्रती गेल्या तर ४,७८४ रुपये. पुस्तिका बनवायला मला चाळीस तास लागले. तासाला साधारण १२० रुपये पडले. आणि हे शंभर प्रती गेल्या तर! पहिल्या तीन महिन्यांत माझ्या ३७ गेल्या. तेव्हाचा हिशोब तासाला ४४ रुपये होतो. शिवाय "मॅडम, फाईल उघडत नाही" या फोनचे तास मी धरलेलेच नाहीत.

मग करायचं कशाला? कारण दुसऱ्या शंभर प्रतींना ते चाळीस तास पुन्हा लागत नाहीत. एक पुस्तिका म्हणजे आमदनी नव्हे, चार-पाच पुस्तिका झाल्या की वर्षाकाठी एखादा खर्च निघतो. माझ्या बाबतीत नातवंडांची पुस्तकं आणि घरचं इंटरनेट. यापेक्षा मोठी अपेक्षा ठेवून सुरुवात केली तर दुसऱ्या महिन्यातच कंटाळा येईल.

एखादं पान फुकट नमुना म्हणून जरूर द्या. तेही सगळ्यात चांगलं पान द्या. नमुना बघूनच पालक ठरवतात.

५) आधी नियम, मग विक्री

हा भाग नोकरीत असलेल्या शिक्षकांनी दोनदा वाचावा.

१. खासगी शिकवणी : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाने खासगी शिकवणी करायची नाही. पुस्तिका विकणं म्हणजे शिकवणी नव्हे, पण "पीडीएफसोबत रोज ऑनलाईन शंका-समाधान" अशी जोड दिलीत की तुम्ही त्या रेषेवर आलात.

२. वर्तणूक नियम : शासकीय कर्मचाऱ्यांना १९७९ चे आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. नोकरीत असताना खासगी व्यापार-धंदा करण्यावर बंधन आहे. अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलाविषयक लेखन वेगळं आणि नियमित विक्री वेगळी. "सगळेच करतात" हे उत्तर चौकशीत चालत नाही. आपल्या कार्यालयाला अर्ज द्या आणि लेखी परवानगी मिळाल्यावरच विक्री सुरू करा. खासगी शाळेत असाल तर नेमणूक पत्रातल्या अटी वाचा. पत्नीच्या किंवा पतीच्या नावावर विकण्याची पळवाट सुचवली जाते. मी ती सुचवणार नाही. मी स्वतः निवृत्तीनंतरच सुरुवात केली.

३. मालकी कोणाची? : १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्याचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. अमेरिकेतही २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शिक्षकाच्या खटल्यात, त्याने वर्गासाठी तयार केलेल्या चाचण्या आणि गृहपाठ शाळेच्या मालकीचे ठरले. म्हणून शाळेच्या चाचणीसाठी बनवलेली प्रश्नपत्रिका उचलून विकू नका. स्वतःच्या वेळात नव्याने लिहा.

४. दुसऱ्याचं साहित्य : बालभारतीच्या पुस्तकातला धडा, चित्र किंवा स्वाध्याय स्कॅन करून विकता येत नाही. वर्गात शिकवताना वापरायला कायद्यात जी सवलत आहे, ती विक्रीला मिळत नाही. सात आठे छप्पन्न ही कोणाची मालमत्ता नाही. पण एखाद्याने रचलेलं शाब्दिक उदाहरण त्याचंच असतं.

५. कर : उत्पन्न छोटं असलं तरी विवरणपत्रात दाखवायचं. नियमित विक्रीचा नफा धंद्याचं उत्पन्न धरला गेला तर पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. सीएला एकदा विचारून घ्या. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाख आहे, तिथपर्यंत पोहोचलात तर मला पेढे द्या.

६) माझी चूक

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

संच विकायला लागून तीन महिने झाले होते. एका संध्याकाळी सोलापूरकडच्या एका आईचा फोन आला. आवाज आधी रागावलेला नव्हता, अवघडलेला होता.

"बाई, सतराव्या उदाहरणाचं उत्तर काय हो?"

मी संच उघडला. २४१२ ÷ ६. म्हटलं, "चारशे दोन."

पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या उत्तरात बेचाळीस आहे."

मी उत्तरसूची बघितली. खरंच ४२ छापलं होतं. ज्या शून्यासाठी चोवीस पानं लिहिली, तोच शून्य माझ्या उत्तरसूचीतून गळाला होता! टाईप करताना सुटला आणि मी तपासलं नाही. वर्गात फळ्यावर माझं चुकलं असतं तर दहा मुलं एकदम ओरडली असती, "बाई, चुकलं!" पीडीएफला तसं ओरडणारं कोणी नसतं.

त्या पुढे म्हणाल्या, "पोराने चारशे दोनच लिहिलं होतं. मी उत्तर बघून त्याला खोडायला लावलं. तो म्हणत होता, आई, शून्य लिहायला बाईंनीच सांगितलंय. मी म्हटलं, पुस्तकापेक्षा तू शहाणा का? दोन धपाटे पण दिले. आज त्याच्या मामाने बघितलं तेव्हा कळलं."

मला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, "ताई, माझी चूक आहे. तुमचे पैसे लगेच परत करते."

"पैसे राहू द्या बाई. तुम्ही त्याच्याशी बोला."

मुलगा फोनवर आला. मी त्याला सांगितलं, "बाळा, तुझं उत्तर बरोबर होतं. बाईंचं चुकलं. तू शून्य लिहिलास आणि मी लिहिला नाही." तो थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "म्हणजे मी परत लिहू चारशे दोन?" म्हटलं, "लिही. आणि माझं बेचाळीस लाल पेनने खोड."

पैसे मी परत केलेच. त्याच रात्री दुरुस्त उत्तरसूची सगळ्या ३७ जणांना पाठवली आणि वर मोठ्या अक्षरांत चूक कुठली ते लिहिलं. गुपचूप फाईल बदलली असती तरी चाललं असतं, कोणाला कळलंही नसतं. पण किती घरांत त्या सतराव्या उदाहरणापाशी एखाद्या मुलाने बरोबर उत्तर खोडलं असेल, हे मला माहीत नव्हतं. तीन पालकांचे उलट निरोप आले, "आमच्याकडेही तसंच झालं होतं."

छापलेल्या अक्षराला घरात केवढा मान असतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातही पैसे देऊन घेतलेल्या कागदावर पालक मुलापेक्षा जास्त विश्वास ठेवतात. ४९ रुपये घेतले म्हणजे त्या विश्वासाची जबाबदारीही घेतली.

तेव्हापासून माझा नियम असा : उत्तरसूची मी स्वतः बनवते, दोन दिवसांनी संच कोरा घेऊन पुन्हा सोडवते आणि मग एका पाचवी-सहावीतल्या मुलाकडून सोडवून घेते. तिन्ही उत्तरं जुळली तरच फाईल बाहेर जाते. आणि पहिल्याच पानावर लिहिते, "उत्तरसूचीपेक्षा वेगळं उत्तर आलं तर आधी मुलाला विचारा, कसं केलंस? मग मला कळवा."

७) पीडीएफ फिरते, तिचं काय?

फिरणारच. माझाच संच एकदा मला शिक्षकांच्या ग्रुपवर आला, खाली दुसऱ्याच कोणाचं तरी नाव. वाईट वाटलं. पण कुलूप-किल्ल्या लावून खऱ्या पालकालाच त्रास होतो, असा माझा अनुभव आहे. मी तीन गोष्टी करते. प्रत्येक पानाच्या तळाशी नाव आणि आवृत्ती लिहिते. घेणाऱ्याला सांगते की ही एका घरासाठी आहे, वर्गासाठी हवी असेल तर शिक्षकांनी वेगळी परवानगी मागावी. आणि दुरुस्त, नवी आवृत्ती फक्त विकत घेणाऱ्यांना पाठवते. फिरत्या फाईलमध्ये बेचाळीस तसंच राहतं, घेतलेल्यांकडे चारशे दोन येतं.

८) कोणाला विकायचं नाही

आपल्याच वर्गातल्या मुलांच्या पालकांना विकू नये. नियम असो वा नसो. गुण देणारी व्यक्तीच पुस्तिका विकू लागली तर पालक "नको" म्हणू शकत नाहीत. जे मूल घेणार नाही त्याला वाटेल, बाईंनी काहीतरी त्यातलंच विचारलं. आपल्या वर्गाला ते साहित्य फुकटच द्यायचं. खरं तर त्यांच्याच चुकांमधून ती पुस्तिका तयार झालेली असते.

ज्या पालकाला ४९ रुपयेही जड आहेत, त्यालाही मी फाईल पाठवते. त्याने हिशोबात फार फरक पडत नाही.

थोडक्यात

- एकच अडचण घ्या, जिथे तुमच्याकडे शिकवण्याची खात्रीची रीत आहे.
- पानं कमी, काळी-पांढरी, युनिकोड फॉन्टमध्ये. प्रिंटचा खर्च पालकाच्या खिशातून जातो.
- नोकरीत असाल तर आधी लेखी परवानगी, मगच विक्री.
- साहित्य स्वतःचं, स्वतःच्या वेळातलं.
- उत्तरसूची तीनदा तपासा. चूक झाली तर सगळ्यांना उघडपणे कळवा.
- स्वतःच्या विद्यार्थ्यांना विकू नका.

या रविवारी एवढंच करा. जुन्या वह्या, चाचणीचे पेपर काढा आणि पाहा, मुलं कोणत्या एका जागी वर्षानुवर्षं अडतात. ती जागा सापडली की पहिलं पान लिहायला घ्या.